‘बारावीचंच पुन्हा, आणि वर पाच किरकोळ विषय’

प्रश्न : मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून रोज एसटीने कॉलेजला येते. मेडिकलची नीट परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा जमलं नाही, म्हणून यंदा बीएस्सी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला. केमिस्ट्री, बॉटनी आणि झूलॉजी हे माझे तीन विषय. त्यांचे मिळून 12 क्रेडिट. उरलेले 10 क्रेडिट इंग्रजी, पर्यावरण, भारतीय ज्ञान प्रणाली, एक कौशल्याचा विषय आणि कॉमर्सकडचा एक ओपन इलेक्टिव्ह यांच्यात वाटलेले. बॉटनी-झूलॉजीतलं निम्मं बारावीला होऊन गेलेलं आहे. उलट केमिस्ट्रीच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात लॉग आणि डेरिव्हेटिव्ह सुरू केलं. मी अकरावीलाच गणित सोडलं होतं, त्यामुळे फळ्यावरचं काही कळत नाही. दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम, म्हणून इंग्रजी पुस्तकाचीही भीती वाटते. वर्गात साठपैकी दहा-बारा जण असतात. मैत्रिणी म्हणतात, प्रॅक्टिकलपुरतं येत जा. हे सेमिस्टर नुसतं पास होण्यापुरतं ठेवून तिसऱ्यांदा नीटचा अभ्यास करू का? आणि खरं सांगा, या सगळ्या विषयांचा पुढे काही उपयोग असतो का?

उत्तर : तुझ्या मैत्रिणींचं वाक्य आधी घेते. ‘प्रॅक्टिकलपुरतं येत जा.’ त्यांच्या मनात आहे सहीपुरतं, जर्नलपुरतं, हजेरीपुरतं. पण क्रेडिटचा हिशेब मांडून बघ. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. तुझ्या तिन्ही मुख्य विषयांना थिअरीचे दोन आणि प्रॅक्टिकलचे दोन असे क्रेडिट बहुधा असणार, 12 ची बेरीजही जुळते. म्हणजे थिअरीचे एकूण 90 तास आणि प्रयोगशाळेतले 180. ज्याला सगळे ‘पुरतं’ म्हणतात, ते थिअरीच्या दुप्पट आहे! या सेमिस्टरचा खरा अभ्यास त्या 180 तासांत आहे, आणि बारावीत तुला यातलं जवळजवळ काहीच मिळालेलं नाही. नीटची तयारी करणाऱ्या मुलांची बारावीची प्रॅक्टिकलं कशी होतात, हे मी 30 वर्षं शिकवताना जवळून पाहिलंय. शेवटच्या महिन्यात जर्नल उतरवायचं, परीक्षेच्या दिवशी शेजारणीकडे बघून द्रावण ओतायचं. तेव्हा ‘बारावीचंच पुन्हा’ हे तुझं म्हणणं पुस्तकापुरतं बरोबर आहे. हातांच्या बाबतीत तू अजून पहिलीत आहेस.

माझ्याच पहिल्या वर्षाची एक गोष्ट सांगते, कारण ती मला आजही बोचते. टायट्रेशन होतं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता मोजायची. माझं ब्युरेटचं, म्हणजे थेंब सोडायच्या खुणांच्या नळीचं, रीडिंग 10.4 आलं. शेजारच्या मुलीचं 10.0. मला वाटलं, माझंच चुकलं असणार. मी तिन्ही ओळींत 10.0, 10.0, 10.0 असं लिहून वही पुढे केली. सरांनी वही पाहिली, माझ्या बाटलीवरचा क्रमांक पाहिला आणि काही न बोलता दुसऱ्या बाकावर गेले. नंतर कळलं की त्यांनी प्रत्येक बाकाला वेगळ्या तीव्रतेचं द्रावण दिलं होतं. माझं खरं उत्तर 10.4 च होतं. डोळ्यांना दिसलेलं मी खोडलं आणि दुसरीचं बघून लिहिलं. विज्ञानाच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये जे काही शिकायचं असतं, त्याची सुरुवात त्या बाकावर होते. जे दिसलं ते लिहायचं, ते का दिसलं याचा विचार करायचा, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा हे स्वतः ठरवायचं. एमसीक्यूच्या चार पर्यायांत ही सवय लागत नाही, कारण तिथे बरोबर उत्तर आधीच कुणीतरी छापून ठेवलेलं असतं.

आता गणिताकडे येते. तुझ्या पत्रातली खरी अडचण हीच आहे. बाकीचं सगळं तू तिच्याभोवती मांडलंयस.

पीसीबी म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी घेतलेली मुलं अकरावीत गणित सोडतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की बायोलॉजीला गणित लागत नाही. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो देणाऱ्यांनी कित्येक चांगल्या मुलींच्या वाटा अडवल्यात, असं मी स्पष्ट म्हणते. एमएस्सीसाठी आयआयटी आणि इतर संस्थांची जॅम ही प्रवेश परीक्षा असते. तिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरमध्येसुद्धा बायोलॉजीबरोबर केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचे प्रश्न येतात. बॉटनीत पुढे गेलीस तर संख्याशास्त्र आहे, झूलॉजीत प्राण्यांच्या संख्येची वाढ आहे, केमिस्ट्रीत तर पावलोपावली आहे. म्हणून तुझ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात लॉग काढला. त्यांना घाई नाहीये. त्यांना पुढचं शिकवता यावं म्हणून पाया भरून घ्यायचाय.

लॉगची भीती आधी घालवू. तुमच्या घरी शेती असेल तर माती परीक्षणाचा अहवाल शोध. घरी नसेल तर गावात कुणाकडे तरी सापडेल. त्यात ‘सामू’ असा रकाना असतो. सामू म्हणजे पीएच. समज, एका शेताचा सामू 7.2 आहे आणि दुसऱ्याचा 8.2. बघायला फरक एकाचा. पण सामू हा हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेचा ऋण लॉग आहे (लॉग म्हणजे तो आकडा 10 चा कितवा घात आहे ते), म्हणून दुसऱ्या मातीत ते आयन पहिल्याच्या एक दशांश आहेत. 8.2 म्हणजे लिटरमागे सुमारे 6.3 गुणिले 10 चा उणे 9 वा घात इतके मोल. एवढा लांबलचक आकडा रोज लिहायला लागू नये म्हणून लॉग आला. मोठ्या पसाऱ्याला छोट्या पट्टीवर आणणारी ती एक युक्ती आहे. गावातले शेतकरी ‘सामू जास्त आहे, जिप्सम टाका’ असं म्हणतात, तेव्हा ते लॉगच्याच भाषेत बोलत असतात.

डेरिव्हेटिव्हचंही तसंच. आपल्या मराठी पुस्तकांत त्याला विकलन म्हणतात. एखादी गोष्ट किती झपाट्याने बदलतेय, हे मोजणं म्हणजे विकलन. रविवारी घरी एक काम कर. पातेल्यात उकळतं पाणी घे आणि दर दोन मिनिटांनी त्याचं तापमान वहीत लिही. थर्मामीटर कॉलेजातून मागून घे, मिळेल. अर्ध्या तासाचा आलेख काढ, आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान. रेघ आधी धाडकन खाली येईल, मग हळूहळू सपाट होत जाईल. सुरुवातीच्या एका बिंदूला स्पर्श करणारी पट्टी लाव, मग शेवटच्या एका बिंदूला लाव. पट्टीचा उतार बदललेला दिसेल. तो उतार म्हणजेच सर फळ्यावर लिहितात ते डीवाय बाय डीएक्स. तुझ्या हाताखाली पट्टी कललेली दिसली की त्या चिन्हाचा धाक उरणार नाही.

आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण या एका आलेखात तुझ्या तिन्ही विषयांची गाठ आहे. पाणी का असं निवतं? कारण निवण्याचा वेग हा पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतो. फरक कमी झाला की वेगही कमी होतो. म्हणजे जेवढं शिल्लक, तेवढ्या प्रमाणात घट. हेच वाक्य केमिस्ट्रीत ‘फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शन’ या नावाने येतं. जेवढा पदार्थ शिल्लक, तेवढा अभिक्रियेचा वेग. हेच किरणोत्सर्गात येतं. थायरॉइडच्या उपचारात वापरतात ते आयोडीन 131 साधारण 8 दिवसांत निम्मं होतं, 16 दिवसांत पाव, 24 दिवसांत एक अष्टमांश. आता वाक्यातला ‘घट’ हा शब्द काढून ‘वाढ’ घाल. जेवढे जिवाणू, तेवढ्या प्रमाणात नवे जिवाणू. ई. कोलाय या जिवाणूला अनुकूल परिस्थितीत दुप्पट व्हायला 20 मिनिटं लागतात. 10 तासांत 30 वेळा दुप्पट. एका जिवाणूचे 107 कोटींहून जास्त. आणि तुझा तो कॉमर्सचा ओपन इलेक्टिव्ह? चक्रवाढ व्याज म्हणजे हेच समीकरण, फक्त जिवाणूंच्या जागी रुपये. चार वर्गांत चार शिक्षक चार नावांनी एकच गोष्ट शिकवतायत आणि गणित सोडलेल्या मुलीला ती चार वेगवेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करावी लागते. गणित शिकलीस तर तुझा अभ्यास कमी होईल, हे मी मनापासून सांगते.

कसं शिकायचं? क्लास लावू नकोस. बालभारतीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. त्याचा दुसरा भाग उतरवून घे. त्यातली फलन, सीमा आणि विकलन ही तीन प्रकरणं तुझ्या कामाची. ज्यांना इंग्रजीत फंक्शन्स, लिमिट्स, डिफरन्सिएशन म्हणतात ती. मिश्र संख्या, क्रमचय वगैरे आत्ता सोडून दे. पण त्याआधी दोन आठवडे फक्त घातांक, लॉग आणि आलेख घे. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती, तिला विकलन जमत नव्हतं. तपासलं तेव्हा कळलं की खरी अडचण ऋण घातांकाची होती. आठवीतली. आठवीत राहिलेली फट तिने तेरावीपर्यंत झाकत आणली होती. तेव्हा खालून सुरुवात करायला लाजू नकोस. रोज एक तास, सुट्टी न घेता. एसटीत वाचून होत असेल तर वाच, पण उदाहरणं हाताने सोडवायला टेबल लागतं, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर लायब्ररीत तो तास ठेव. आणि गणित विभागातल्या कुठल्याही शिक्षकांकडे जाऊन सांग, ‘मी गणित सोडलं होतं, आता शिकतेय, अडलं तर आठवड्यातून एकदा येऊ का?’ ज्या वर्गात साठपैकी दहा जण येतात, तिथे असा प्रश्न विचारत आलेल्या मुलीला शिक्षक परत पाठवत नाहीत. मला तरी असा शिक्षक अजून भेटलेला नाही.

किरकोळ विषयांबद्दल सरसकट ‘सगळे उपयोगी आहेत’ असं मी म्हणणार नाही. दोन क्रेडिटच्या विषयाला 30 तास असतात आणि त्या 30 तासांचं काय होतं हे शिकवणाऱ्यावर फार अवलंबून आहे. काही ठिकाणी नोट्स वाचून दाखवतात आणि तास संपतो, हे मला माहीत आहे. पण ते विषय आले कुठून, हे कळलं तर त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलते. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 चं. आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत ते 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झालं, आणि त्याबरोबर ही क्रेडिटची नवी मांडणी आली. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचाच घ्यायचा, हाही त्याच मांडणीतला नियम. म्हणून तुला कॉमर्सकडे जावं लागलं.

पर्यावरणाचा विषय मात्र याहून जुना आहे. 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शिक्षणात सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले, तिथून त्याची वाट सुरू झाली. तुझ्या मागच्या किती बॅचेसनी तो ‘झेरॉक्स घ्या आणि प्रोजेक्ट जोडा’ असाच उरकला असेल! तू तसं करू नकोस, कारण तुझ्या जिल्ह्यात त्या विषयाचं एक उघडं पुस्तकच आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. लोक त्या माळरानाला पडीक म्हणतात, झाडं लावून ‘सुधारायला’ बघतात. पण माळढोक पक्ष्याला उघडा गवताळ माळच लागतो, झाडी नको असते. गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था आहे, हे बॉटनीच्या पुस्तकात एका ओळीत येतं. तिथे एकदा जाऊन उभी राहा, मग ती ओळ कशाबद्दल आहे ते कळेल.

भारतीय ज्ञान प्रणालीच्या तासाला नुसती नावं आणि गौरव ऐकून येऊ नकोस. ‘एखादं उदाहरण सोडवू या का?’ असं सरांना विचार. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. 32 हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? आकृती काढ. काटकोन त्रिकोण दिसेल. उभी बाजू क्ष, आडवी 16, कर्ण 32 उणे क्ष. सोडव. क्ष येतो 12, कर्ण 20. बेरीज 32. पडताळाही लगेच झाला. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं गणित स्वतःच्या हाताने सोडवून बरोबर आलं की त्या विषयाबद्दल जो आदर वाटतो, तो घोषणांनी वाटत नाही. शिवाय तुझ्या गणिताच्या तासात तेवढीच भर.

इंग्रजीच्या भीतीबद्दल. तुझं पत्र सरळ, नेमक्या मराठीत आहे. ज्या मुलीला मराठीत अडचण इतकी नीट मांडता येते, तिला विज्ञानाचं इंग्रजी जमतं. ते साहित्याचं इंग्रजी नाही, त्यात शब्दांचा पसारा कमी असतो आणि तेच तेच क्रियापद फिरून येतं. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत बहुतेक प्रश्न सात-आठ क्रियापदांवर चालतात. डिफाइन, डिस्क्राइब, डिराइव्ह, कॅल्क्युलेट, एक्सप्लेन, जस्टिफाय, डिस्टिंग्विश. यातलं कुठलं आलं की नेमकं काय लिहायचं असतं, ते एका पानावर मराठीत लिहून ठेव. डिस्क्राइब म्हणजे जे आहे ते सांगणं. एक्सप्लेन म्हणजे ते तसं का आहे हे सांगणं. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे उत्तर येत असूनही गुण गमावलेल्या पेपरांचे गठ्ठे मी तपासलेत. पुस्तकाचा रोज एकच परिच्छेद घे. आधी शब्दकोश न उघडता वाच. मग आईला किंवा धाकट्या भावंडाला मराठीत सांग. जिथे अडखळशील, तिथे इंग्रजी नडत नसतं, तिथे मूळ गोष्टच समजलेली नसते. मग मराठी विश्वकोशात त्या विषयाची नोंद बघ. संकेतस्थळावर मोफत आहे, आणि जुन्या पिढीच्या लेखकांनी त्यातल्या विज्ञानाच्या नोंदी फार कसोशीने लिहिल्यात. दोन्ही भाषांत एक गोष्ट सांगता येणं ही उणीव समजू नकोस. नुसत्या इंग्रजीतून पाठ करणाऱ्यांकडे पडताळून बघायला दुसरी भाषाच नसते.

आता नीट. हा प्रश्न तू शेवटी घाईत विचारलास, पण पत्र त्यासाठीच लिहिलंयस. दोन्ही वेळचे गुण मात्र लिहिले नाहीस. ते स्वतःला प्रामाणिकपणे विचार. दुसऱ्या वेळी तू तुझ्या प्रवर्गाच्या कटऑफच्या अगदी जवळ पोचली होतीस का? आणि आजारपण, घरातली अडचण असं काही ठोस कारण आड आलं होतं का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल, तर घरच्यांशी बोलून उघडपणे एक वर्ष त्यालाच दे. पण बीएस्सीचं नाव लावून, एसटीचे रोजचे तास घालवून, वर्गात शरीराने बसून मनाने नीट करायची, हे मी कुणालाही सुचवणार नाही. नीट साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला असते. तोवर तुझी दोन्ही सेमिस्टरं त्याखाली जातात. मे महिन्यात हातात नीट नाही आणि पहिल्या वर्षाचा पायाही नाही, दोन विषयांत एटीकेटी, अशा मुली मी दरवर्षी स्टाफरूमच्या दारात उभ्या पाहिल्यात. त्यांना कुणीच वेळेवर सांगितलेलं नव्हतं की दोन अर्धे अभ्यास मिळून एक पूर्ण अभ्यास होत नाही. म्हणून दिवाळीपर्यंतची मुदत घे. तोवर हे सेमिस्टर पूर्ण मनाने कर. दिवाळीत बसून ठरव. तेव्हा तुला निदान माहीत असेल की तू काय सोडतेयस. आज ते माहीत नाही. आज तू न चाखलेल्या गोष्टीला बेचव म्हणतेयस.

अजून एक. पहिल्या वर्षी हे तीन विषय सारख्या वजनाने आहेत आणि पुढे त्यातला एक मुख्य म्हणून निवडायचा आहे. वर्ष संपताना मुलं कटऑफ, मैत्रिणी आणि ‘केमिस्ट्रीला नोकऱ्या आहेत’ यावरून निवडतात. तू आत्तापासून एक वही ठेव. प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर दोन ओळी लिही, आज वेळ कसा गेला. घड्याळाकडे किती वेळा बघितलंस. वर्षभरानंतर ती वही तुला कुठल्याही समुपदेशकापेक्षा खरं सांगेल.

शेवटी एक काम देते. नव्या मांडणीतल्या पाच-सहा विषयांना एकत्र बांधणारं, आणि तुझ्या गावाशी जोडलेलं. तुमच्या पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, डाळ शिजता शिजत नाही. ते पाणी किती जड आहे हे गावात कुणी मोजलंय का? तू मोज. पर्यावरणाचा प्रोजेक्ट म्हणून हाच विषय माग. बोअर पाच मिनिटं चालू ठेवून मग पाणी घे. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळ, काठोकाठ भर, झाकण लाव, तारीख आणि जागा लिही. प्रयोगशाळेत त्यातलं 50 मिलिलिटर पाणी पिपेटने घे, अमोनियाचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पीएच 10 च्या आसपास आण, इरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या सूचकाचे थेंब टाक. पाणी वाइनसारखं लाल होईल. मग ब्युरेटमधून 0.01 मोलरचं ईडीटीए सोड, ते पाणी जड करणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं. लालसर छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांब. शेवटचे थेंब एकेक करून सोडायचे, इथे घाई केली की सगळं फुकट. असं तीनदा कर. 0.01 मोलर ईडीटीएचं 1 मिलिलिटर म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. समज, तुला 20.0 मिलिलिटर लागलं. म्हणजे 50 मिलिलिटर पाण्यात 20 मिलिग्रॅम, लिटरला 400. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ही मर्यादा 200 आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.

कॅल्क्युलेटरवर 398.73 असं काही आलं तर ते तसंच उतरवू नकोस. ब्युरेटवर 0.1 मिलिलिटरच्या खुणा आहेत. 20 मध्ये 0.1 म्हणजे अर्धा टक्का. 400 मध्ये तो दोन मिलिग्रॅमचा फरक. मग दशांशानंतरच्या त्या 73 ला काय अर्थ उरला? हा प्रश्न जिला आपणहून पडतो, तिला एकक, सार्थ अंक आणि त्रुटी हे प्रकरण पुन्हा शिकवावं लागत नाही.

अहवाल इंग्रजीत दोन पानांचा लिही, तो तुझ्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखव. आणि त्याचंच मराठीत एक पान करून ग्रामपंचायतीत दे. मलाही कळव. पण नुसता सरासरीचा आकडा पाठवू नकोस, तिन्ही रीडिंगं पाठव. एक वेगळं आलं असेल तर तेही, जसं दिसलं तसं.